होमस्टेचा समुद्र, उत्सवातलं नाटक आणि पेटीचा क्लास: व्हिडिओ ठेवायचा कुठे?

प्रश्न विचारणारा गोव्यातल्या साखळी गावात राहून एकट्याने वेबसाइटी करतो. सध्या त्याच्या हातात तीन कामं आहेत. काणकोणातल्या एका होमस्टेला पहिल्याच पानावर मागे चालणारा समुद्राचा व्हिडिओ हवाय, पण पान काही केल्या लवकर उघडत नाही. सत्तरी तालुक्यातल्या एका नाट्यमंडळाला देवळाच्या उत्सवात केलेली आपली नाटकं, प्रत्येकी तीन-तीन तासांची, साइटवर घालायची आहेत. आणि फोंड्याच्या एका पेटीमास्तरांना शिकवणीचे व्हिडिओ फक्त फी भरणाऱ्यांनाच दिसायला हवेत. त्याचं विचारणं असं: या सगळ्याला मिळून कुठली व्हिडिओ सेवा घेऊ, आणि दर आठवड्याला निघणाऱ्या नव्या डिझाइन टूलांपैकी शिकू तरी कुठलं?

आधी सरळ उत्तर. तिघांना मिळून एक सेवा घेऊ नका. होमस्टेला सेवा लागतच नाही. नाटकांना यूट्यूब पुरेल. पैसे मोजून सेवा घ्यायची ती फक्त पेटीसाठी. बघणारा कोण, तो कुठून बघतो आणि बघणारे वाढले की वाढीव बिल कोण भरणार, एवढं विचारलं की निम्म्याहून अधिक सेवा यादीतून आपोआप गळतात.

होमस्टेपासून सुरुवात करू, कारण खरी गोची तिथेच आहे. मालकाने फोनवर काढलेली क्लिप तुम्ही तशीच चढवली असणार. आयफोनवर १०८०पी, ३० फ्रेमने काढलेला व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० एमबी होतो, ४के असेल तर १७०. म्हणजे अर्ध्या मिनिटाची क्लिपसुद्धा ३० एमबीची. आणि हे पान उघडणारा माणूस काणकोणात नसतो. तो पुण्याहून किंवा ठाण्याहून, लोकलमध्ये उभा राहून, सुट्टीत कुठे जायचं ते बघत असतो. त्याला ३० एमबी उतरेपर्यंत थांबवलंत की तो शेजारच्या होमस्टेकडे गेला.

त्यात समुद्र. लाटा, पाऊस, वाऱ्यावर हलणारी माडाची झावळं, पाण्यावरची चमक हे सगळं कॉम्प्रेशनला सर्वात जड जातं. व्हिडिओ लहान होतो तो मुळात दोन फ्रेममधलं सारखं ते एकदाच साठवून. लाटेत सारखं असं काही राहतच नाही; प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक ठिपका हललेला. म्हणून त्याच सेटिंगवर व्हरांड्यातली आरामखुर्ची दीड एमबीत बसते आणि किनारा सहा एमबी मागतो. मालकाला समजावून सांगा: ट्रायपॉड लावा, कॅमेरा हलवू नका, पुढे व्हरांडा किंवा बाल्काव ठेवा आणि समुद्र मागे पट्टीएवढाच येऊ द्या. चित्रही बहुधा जास्त चांगलं दिसतं. ड्रोनचा शॉट मात्र मालकाला हटकून हवा असतो. तो इन्स्टाग्रामवर घालायला सांगा.

क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून घेणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तिथे २ जीबीपर्यंतची फाइल चालते. नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो आधीच चेपून येतो, आणि चेपलेला व्हिडिओ पुन्हा चेपला की आभाळात चौकडे दिसू लागतात.

आता फाइलचं काम. हँडब्रेक हे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, तेवढं पुरतं. कमांड लिहायची सवय असेल तर एफएफएमपेग. क्लिप आठ-दहा सेकंदांवर आणा, रुंदी १२८० करा, फ्रेम २५ ठेवा. आवाजाचा ट्रॅक पूर्ण काढून टाका. म्यूट केलेल्या व्हिडिओतला आवाज कोणी ऐकत नाही, पण तो उतरतो मात्र. कोडेक, म्हणजे चेपायची पद्धत, एच.२६४; क्वालिटीचा आरएफ आकडा २६ ते २८च्या दरम्यान. हा आकडा वाढला की फाइल लहान होते, हे नवख्यांना उलटं वाटतं. आणि ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ या चौकटीत टिचकी मारायला विसरू नका. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका एरवी शेवटी लिहिलेली असते, त्यामुळे चालू करण्याआधी ब्राउझरला शेवटचं टोक शोधावं लागतं. या टिचकीने ती पुढे येते. एफएफएमपेगमध्ये यालाच फास्टस्टार्ट म्हणतात. एवढं केलं की क्लिप दोन एमबीच्या आसपास यायला हरकत नाही.

हवं तर त्याच क्लिपची एव्ही१ कोडेकमधली आणखी एक प्रत करा आणि सोर्सच्या यादीत ती पहिली लावा. एव्ही१ २०१८ साली आला, फाइल बरीच लहान होते. पण आयफोनमध्ये तो वाचणारा हार्डवेअर १५ प्रोपासून पुढे आहे, त्यामुळे जुन्या आयफोनला एच.२६४ची प्रत लागणारच. ती काढून टाकू नका.

पानात लावताना व्हिडिओच्या टॅगला ‘म्यूटेड’ (muted) आणि ‘प्लेजइनलाइन’ (playsinline) हवंच. म्यूट नसलेला व्हिडिओ आपोआप चालू करणं क्रोमने २०१८ मध्येच बंद केलं, आणि प्लेजइनलाइन नसेल तर आयफोन तो पडदाभर उघडू बघतो. आयफोन ‘लो पॉवर मोड’वर असला की हे दोन्ही लावूनही व्हिडिओ हलत नाही, म्हणून पोस्टरची, म्हणजे व्हिडिओच्या जागी आधी दिसणारी स्थिर प्रतिमा अशी निवडा की व्हिडिओ अजिबात चालला नाही तरी पान पूर्ण वाटावं. ती १०० केबीच्या आत ठेवा. गूगलच्या मोजपट्टीप्रमाणे पानावरचा सर्वात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. हा मोठा भाग तुमच्या बाबतीत म्हणजे हे पोस्टरच. व्हिडिओ स्वतः पान उघडल्यानंतर स्क्रिप्टने सुरू करा. ज्यांनी फोनवर ‘हालचाल कमी’ ही सेटिंग लावली आहे त्यांना फक्त पोस्टर दाखवा. हालत्या पार्श्वभूमीने खरोखरच गरगरणारी माणसं असतात.

शेवटी तपासणी. घरच्या वायफायवर तपासू नका. क्रोमच्या डेव्हलपर टूलमध्ये नेटवर्कच्या खाली ‘स्लो ४जी’ निवडा, कॅशे बंद करा आणि पान पुन्हा उघडा. किंवा तुमच्याकडून चोर्ला घाट जवळच आहे. चढताना रेंज येते-जाते तिथे फोनवर साइट उघडून बघा. एरवी न दिसणारं सगळं तिथे दिसतं.

नाटकांचा मामला वेगळा. इथे फाइल मोठी, प्रेक्षक गावचेच, पण अर्धे मुंबईत नाही तर आखातात. पैसे कोणी देणार नाही. तीन तासांचं नाटक स्वतःच्या होस्टिंगवर ठेवायचा विचारही नको. एकच एक फाइल ठेवली तर चांगलं नेट असणाऱ्याला आणि रेंज नसणाऱ्याला तीच मिळते. व्हिडिओ सेवा काय करते, तर त्याच चित्रफितीच्या लहानमोठ्या प्रती बनवते, प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे करते, आणि बघणाऱ्याचं नेट जसं असेल तशा प्रतीतला पुढचा तुकडा पाठवते. नेट मंदावलं तर चित्र धूसर होतं, थांबत नाही. नाटकात संवाद ऐकू येणं महत्त्वाचं, दाढी खरी की चिकटवलेली ते नाही दिसलं तरी चालतं.

तेव्हा यूट्यूब. पंधरा मिनिटांहून मोठा व्हिडिओ चढवायला खातं फोन नंबराने पडताळून घ्यावं लागतं, मग १२ तासांपर्यंत चालतं. चॅनेल मंडळाच्या खात्यावर काढा, तुमच्या नाही. हे मी ठळक शाईत लिहिलं असतं. अध्यक्ष बदलतात, डिझायनर बदलतो, चॅनेलचा पासवर्ड कोणाच्या तरी जुन्या फोनबरोबर जातो आणि मंडळ आपल्याच नाटकांना मुकतं. मूळ फाइली वेगळ्या दोन हार्ड डिस्कवर ठेवायला सांगा, दोन वेगळ्या घरांत. यूट्यूब स्टुडिओतून परत उतरवलेली प्रत फार तर ७२०पी मिळते, त्यामुळे यूट्यूबला गोदाम समजू नये. आणि आपल्याकडच्या पावसात डिस्क उघड्या कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, कॅमेऱ्याच्या लेन्सना करतो तसंच.

वर्णनात वेळा लिहिल्या की चित्रफितीचे भाग पडतात. पहिली वेळ शून्यापासून हवी, किमान तीन नोंदी हव्यात. नांदी, पहिला अंक, अमुक पद, दुसरा अंक असं लिहून द्या. संगीत नाटकाचे आपले प्रेक्षक पदांसाठीच येतात, त्यांना थेट पदावर जाता आलं की मंडळाला फोन करून तुमचं कौतुक करतील. हे काम कंटाळवाणं आहे, पण मंडळातल्या एखाद्या जाणकाराला ते आनंदाने करायचं असतं. त्यालाच द्या.

दोन धोके मंडळाला आधीच सांगा. नाटक करायला लेखकाची परवानगी घेतली म्हणजे ते चित्रित करून इंटरनेटवर ठेवायची परवानगी मिळाली असं नाही. ती वेगळी घ्यायची. आणि मध्यंतरात ध्वनिक्षेपकावर लावलेलं सिनेमाचं गाणं चित्रीकरणात आलं की यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते आणि गाण्याच्या मालकाचा दावा लागतो. मध्यंतर कापून टाका. जाहिरातींबद्दलही बोलून ठेवा: चॅनेलने पैसे मिळवण्याचा करार केलेला नसला तरी यूट्यूब त्यावर जाहिरात दाखवू शकतं. मंडळाच्या साइटवर कसली जाहिरात येईल हे तुमच्या हातात नाही.

साइटवर लावताना यूट्यूबची एम्बेडची चौकट नुसती चिकटवू नका. एका पानावर दहा नाटकं म्हणजे दहा प्लेअर, आणि प्रत्येक प्लेअर कोणी बटण न दाबताच शेकडो केबी स्क्रिप्ट ओढतो. फक्त थंबनेल आणि बटण दाखवा, दाबल्यावरच खरा प्लेअर आणा. यासाठी ‘लाइट यूट्यूब एम्बेड’ नावाचा छोटा तयार घटक फुकट मिळतो. व्हिडिओ संपल्यावर दुसऱ्यांचे व्हिडिओ दिसू नयेत म्हणून काही जण पत्त्याला ‘रेल’ची शून्य किंमत (rel=0) जोडतात. २०१८ पासून त्याने संबंधित व्हिडिओ बंद होत नाहीत, फक्त त्याच चॅनेलचे दिसतात. मंडळाला ते चालेल.

अपलोडबद्दल एक सांगायचं राहिलं. तीन तासांची फाइल चढवताना वीज गेली की काय होतं हे जूनमध्ये साखळीत राहणाऱ्याला सांगायला नको. जिथे तुटलं तिथून पुढे चालू ठेवणारी ‘टस’ नावाची खुली पद्धत आहे. व्हिमिओ ही व्हिडिओ सेवा ती वापरते, क्लाउडफ्लेअर स्ट्रीम या दुसऱ्या सेवेत २०० एमबीहून मोठ्या फाइलीला ती लागतेच. तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या साइटवरून व्हिडिओ चढवायचे असतील तर अपलोडचा फॉर्म साधा न करता याच पद्धतीचा करा.

आता पेटीमास्तर. इथे ‘अनलिस्टेड’, म्हणजे फक्त लिंक असणाऱ्याला दिसणारा यूट्यूब व्हिडिओ चालेल असं वाटतं, पण ती लिंक एकाने वर्गमित्राला पाठवली की संपलं. चार-पाच ओळखीचे विद्यार्थी असतील तोवर ठीक. त्यापुढे अशी सेवा हवी जी प्रत्येक बघणाऱ्याला थोड्या वेळाने बाद होणारी सहीची लिंक देते आणि तुमच्या डोमेनबाहेर प्लेअर चालू देत नाही. क्लाउडफ्लेअर स्ट्रीम, बनी स्ट्रीम, मक्स, तिन्हींत हे आहे. कोणी फी भरली याची नोंद आणि लॉगिन मात्र तुम्हालाच सांभाळायचं.

हिशेब मांडून बघू. समजा ४० पाठ, प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे १,००० मिनिटं. क्लाउडफ्लेअर साठवणीचे १,००० मिनिटांना महिना ५ डॉलर घेतं आणि दाखवलेल्या १,००० मिनिटांना १ डॉलर. विद्यार्थी ६० धरा, प्रत्येकाने महिन्यात ३०० मिनिटं बघितलं तर १८,००० मिनिटं, म्हणजे १८ डॉलर. एकूण २३, साधारण दोन हजार रुपये, वर जीएसटी. प्लेअरने आगाऊ ओढलेली पण कोणी न बघितलेली मिनिटंही यात मोजली जातात, म्हणून थोडं वरचं धरा. मास्तरांची फी बघता हे झेपणारं आहे.

पण इथे एक गंमत आहे. मिनिटावर बिल लावणाऱ्याला तुमच्या चित्रात काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. बनीसारख्या सेवा साठवण आणि वाहतूक जीबीवर मोजतात. आणि पेटीचा पाठ कसा असतो? कॅमेरा वरून रोखलेला, स्थिर. पट्ट्या, भाता, दोन हात. हलतात ती बोटं. वर सांगितलेल्या समुद्राच्या अगदी उलट. ७२०पीला सेकंदाला दीड मेगाबिटसुद्धा (एमबीपीएस) पुष्कळ झाले, आणि त्या हिशेबाने १८,००० मिनिटं २०० जीबीच्या आसपास येतात. अशा कामाला जीबीवरचं बिल बहुतेक वेळा स्वस्त पडतं. उद्या कोणी सर्फिंग शिकवणारा आला तर हाच हिशेब उलटेल, त्याला मिनिटावरचं बिल बरं. दोन्ही सेवांचे दर त्या दिवशी उघडून, एका खऱ्या पाठाची फाइल हातात घेऊन आकडा काढा. वाचवलेले बाइट मात्र आवाजातून काढू नका. पेटी शिकणाऱ्याला सूर कानाने पकडायचा असतो; आवाज १२८ केबीपीएसच्या खाली नेलात तर मास्तर पहिल्याच पाठात ओळखतील.

मास्तरांना हेही स्पष्ट सांगा की स्क्रीन रेकॉर्डिंग कोणी थांबवू शकत नाही. कुलूप शेजाऱ्यासाठी असतं, चोरासाठी नव्हे. पाठाच्या कोपऱ्यात विद्यार्थ्याचा फोन नंबर फिका दिसेल अशी सोय केली तर पुढे पाठवायला हात जरा आखडतो, एवढंच.

व्हिमिओचं काय, असं विचाराल. पोर्टफोलिओ दाखवणाऱ्या फिल्मवाल्यांसाठी ते फार वर्षं उत्तम राहिलं आहे, प्लेअर स्वच्छ, जाहिरात नाही. २०२५ मध्ये इटलीच्या बेंडिंग स्पून्सने १.३८ अब्ज डॉलरना ते घ्यायचा करार केला. मालक बदलला की दर आणि प्लॅन बदलतात, तेव्हा नवं गिऱ्हाईक तिथे बांधायच्या आधी मी थोडं थांबेन.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. नवं टूल बघताना मी पहिल्यांदा ‘एक्स्पोर्ट’चं बटण शोधतो. इनव्हिजन या डिझाइन टूलवर एके काळी सगळी डिझायनर मंडळी होती; ३१ डिसेंबर २०२४ला ते बंद झालं. अ‍ॅडोबी एक्सडीत नवीन काही येणं थांबलंय. फिग्मा २० अब्ज डॉलरना अ‍ॅडोबीकडे जाणार होतं, २०२३च्या डिसेंबरात तो व्यवहार मोडला. म्हणजे टूलचा भरवसा नाही, फाइल आपल्या हातात राहते का ते बघायचं. फ्रेमरमध्ये साइट झटपट आणि देखणी होते, पण ती तिथून उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. वेबफ्लोतून पैसे भरून कोड बाहेर येतो, पण सीएमएसमधला, म्हणजे मजकूर सांभाळणाऱ्या यंत्रणेतला मजकूर आणि फॉर्म त्याच्याबरोबर चालत येत नाहीत. होमस्टेवाल्याला हे चालू शकेल. नाट्यमंडळाला, जिथे पंचवीस वर्षांच्या उत्सवांच्या नोंदी चढणार आहेत, मी देणार नाही. पेनपॉट हे डिझाइन टूल ओपन सोर्स आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, आणि त्यातली मांडणी सीएसएसच्याच, म्हणजे ब्राउझरला पानाचं रूप सांगणाऱ्या भाषेत चालते. फिग्मा येत असेल तर ते शिकायला वेळ लागत नाही. नोकरीच्या जाहिरातीत मात्र फिग्माच मागतात, तेव्हा ते सोडू नका.

आणि ब्राउझरकडे लक्ष द्या. ज्यासाठी पूर्वी तयार कोडची लायब्ररी आणत होतो त्यातलं बरंच आता ब्राउझरमध्येच आहे: पॉपओव्हर, डायलॉग, कंटेनर क्वेरी. व्हिडिओच्या सोर्सला मीडियाची अट लावून फोनला लहान आणि डेस्कटॉपला मोठी फाइल देणंही २०२३पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतं. होमस्टेच्या पानावर ते लगेच वापरा.

एआयने पानं करून देणारी टूलं जरूर वापरा, मीही वापरतो. पण त्यांचे साचे रोमन लिपीवर पोसलेले आहेत. मथळ्याला हौसेने लेटर-स्पेसिंग देतात, आणि देवनागरीची शिरोरेखा अक्षराअक्षराला तुटते. ‘श्री शांतादुर्गा’ वाचताना दातात फट पडल्यासारखं दिसतं. ते शून्य करा. ओळींमधलं अंतर इतकं कमी ठेवतात की वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांवर आदळतात. मजकुराला दीडपटीच्या वर न्या, मथळ्यालाही सव्वा-दीडच्या खाली नको. पानाच्या भाषेचा कोड इंग्रजीच राहिलेला असतो, तो मराठीचा ‘एमआर’ करा. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात ते तेव्हाच दिसतात. पानावर कोकणी मजकूर असेल तर त्या भागाचा कोड वेगळा द्या.

नाटकांना किंवा पाठांना उपशीर्षकं हवी असतील तर बोलणं लिहून देणाऱ्या ओपनएआयच्या विस्परच्या यादीत मराठी आहे, कोकणी नाही. आपल्या बोलण्यात दोन्ही एकाच वाक्यात येतात, त्यामुळे यंत्राने दिलेलं माणसाने वाचल्याशिवाय लावू नका. नाट्यपदांचं तर ते काय करेल याची कल्पना करा.

पैशांचं एकच: ही सगळी बिलं डॉलरमध्ये, दर महिन्याला, कार्डावरून जातात. ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला ई-मँडेट, म्हणजे आधी नोंदवलेली संमती लागते, आणि परदेशी सेवांच्या बाबतीत कार्ड नाकारलं जाणं काही नवीन नाही. पेटीच्या कामाचं कार्ड मास्तरांचं लावा, सूचना येणारा ईमेल मात्र तुमचाही जोडा, आणि जिथे आगाऊ पैसे भरून ठेवता येतात तिथे सहा महिन्यांचे भरून टाका. कोटेशनमध्ये ही रक्कम तुमच्या मजुरीत मिसळू नका, वेगळ्या ओळीत दाखवा.